पालथ्या हातावर

चार वाजून गेले की चौकातून हाक यायची, “चला गं, वेणीफणीला!”

हाक एकदाच. तेवढ्यावर पाच बिऱ्हाडांतल्या आम्ही अकराजणी हातातलं टाकून माजघराच्या पायरीशी जमायचो. कुणाच्या हातात आगवळ, कुणाच्या रिबिनी, कुणाकडे तेलाची वाटी. वयाच्या मानानं एकीपुढे एक बसायचं, मोठीनं पुढच्या धाकटीचे केस धरायचे, आणि सगळ्यांच्या मागे पाटावर आत्याआजी. तिथून तिला साऱ्या माना दिसत. “तिसरीचा भांग सरकलाय, मोड आणि पुन्हा काढ,” असं ती बसल्या जागेवरून सांगायची. तिसरी कोण हे मोजायची आम्हाला गरज पडत नसे.

सांगलीच्या गावभागातला तो वाडा. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कुठवर चढलं ते घाटाच्या पायऱ्यांवरून सांगणाऱ्यांची ती वस्ती. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांच्या वेण्या तिथं घातल्या गेल्या त्या आम्ही आता साठी उलटलेल्या, काहीजणी सत्तरीत शिरलेल्या. कुणी पुण्यात, कुणी बेळगावात, एक थेट कॅनडात. अजूनही फोनवर पहिला प्रश्न असतो, “झाली का वेणीफणी?” केस कापून खांद्यावर आणलेलीही “झाली” म्हणते.

दिवेलागणीनंतर केसांना फणी लावायची नाही, हा नियम. तिन्हीसांजेला लक्ष्मी घरात येते, तेव्हा केस मोकळे सोडून बसू नये, असं आई आणि काकू सांगत. आत्याआजी सांगायची, “कंदिलाच्या उजेडात गळालेला केस दिसत नाही. मग तो दुसऱ्या दिवशी भाकरीत दिसतो.” दोन्ही कारणं आम्हाला पटत. त्यातल्या दुसऱ्यानं आम्ही जास्त घाबरायचो.

आत्याआजी म्हणजे आमच्या वडिलांची आत्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी परत माहेरी आली ती कायमची. अंगावर अलवण, डोईवर पदर. पदराखाली केस नव्हते. हे आम्हाला लहानपणी ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं, कारण ती आम्हाला दिसायला लागली तेव्हापासून तशीच होती. अकरा पोरींच्या केसांची निगा तिच्याकडे, वाड्याचं काजळ तिच्याकडे, वाड्याचं कुंकू तिच्याकडे. गल्लीतल्या काही बायका याबद्दल आपसांत कुजबुजत. कुंकू मात्र तिच्याच हातचं मागून न्यायच्या.

आणि फणेरपेटीही तिच्याकडेच. शिसवी लाकडाची, पितळी बिजागऱ्यांची. झाकण उघडून मागे टेकवलं की त्यातला आरसा उभा राही. खाली खण, खणांखाली एक उथळ कप्पा. त्यात काय होतं ते आम्ही अकराजणी आजही डोळे मिटून सांगू शकतो. एक दुहेरी फणी, एका अंगाला दाट दातांची, एका अंगाला विरळ. एक कंगवा. लाखेच्या रंगाचा, कुंकवाचा लाकडी करंडा. मेणाची डबी. काजळाची चांदीची डबी आणि तिची सळई. आकड्यांची डबी. गुंतवळाची पुरचुंडी, कारण पुरेसा गुंतवळ साठला की त्याचंच गंगावन व्हायचं. भोकाचा पैसा. आणि एका कडीत ओवलेली तीन भावंडं: कानकोरणं, दातकोरणं, चिमटा. पुढे कधीतरी वाचलं की हडप्पाच्या उत्खननात तांब्याचा असाच जुडगा निघाला आहे, कान कोरायची सळई, टोचणी आणि चिमटा, एकत्र. मी ते वाचून लगेच बेळगावला फोन लावला होता.

प्रत्येक वस्तू एकच होती आणि ती सगळ्यांची होती. फणी एकच, सगळ्यांची. आरसा एकच, सगळ्यांचा. त्यामुळे उवा एकीला झाल्या की त्याही सगळ्यांच्या. मग रविवारी दुपारी चौकात पांढरं धोतर अंथरून सामुदायिक कार्यक्रम व्हायचा, दाट दातांची फणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायची.

फणी निवडणं हे आत्याआजीचं खास काम. वैदूंच्या बायका दारावर यायच्या, “सुया घ्या, बिब्बं घ्या, फण्या घ्याऽऽ.” टोपलीतल्या पंचवीस फण्यांतून ती एक उचलायची, आणि ती उचलायला अर्धा तास घ्यायची. आधी उजेडाकडे धरून दातांमधली फट पाहायची. फटी सारख्या हव्यात. एखादी जास्त रुंद असली तर तिथला दात बारीक झालेला असतो आणि तोच आधी मोडतो. मग नखानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दात छेडायचे. टणटणीत आवाज आला तर लाकूड वाळलेलं, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे. मग वास घ्यायचा, ओल्या लाकडाचा वास लपत नाही. आणि सगळ्यांत शेवटी मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथं कातडी पातळ असते तिथं, फणी हलक्यानं ओढायची. पांढरी रेघ उठली तर चालेल, तांबडी उठली तर फणी परत टोपलीत. विकणारी म्हणायची, “आजी, किती तपासाल? पोरगी बघायला आलाय जणू!” आत्याआजी म्हणायची, “पोरींच्या डोक्याला लागणार आहे ती रोज.”

नवी फणी लगेच वापरायची नाही. आठ दिवस खोबरेल तेलात बुडवून ठेवायची, मग फडक्यात गुंडाळून आणखी दोन दिवस. लाकडी फणी पाण्यानं धुवायची नाही, दात फुगतात आणि वाळताना वाकडे होतात. मळ काढायचा तो ताणून धरलेल्या दोऱ्यानं, दातादातांतून फिरवून. एक दात पडला तरी फणी चालायची. दोन पडले की ती बाहुल्यांची. प्लॅस्टिकचे रंगीत कंगवे बाजारात आले तेव्हा आम्ही हट्ट करून एक आणवला. लाल, पारदर्शक, साखरेच्या खड्यासारखा. आत्याआजीनं तो मनगटावर ओढला, मग दातांच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. प्रत्येक दाताच्या मधोमध एक बारीक धार होती. साच्याची दोन अंगं जिथं जुळतात तिथं राहिलेली ती शिवण. “ही केस तासते,” ती म्हणाली. हिवाळ्यात त्या कंगव्यानं केस तडतडायचे, उभे राहायचे, आणि आम्हाला त्याचीच मजा वाटायची. पण शेंड्यांना फाटे फुटले ते त्या वर्षीच.

न्हाणीघरातली हत्यारं वेगळी. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी अंगाला, आणि टाचांना वज्री. आमची वज्री पितळेची होती, मोराच्या आकाराची, पोटाशी खरखरीत, आणि आत खडे घातलेले. ती वाजली की कळायचं, काकूचं न्हाणं अजून टाचांपर्यंतच आलंय, आपला नंबर लागायला वेळ आहे.

कुंकवाचं काम वर्षातून एकदा, थंडीत. हळद आमच्याकडे दुर्मीळ असण्याचं कारणच नव्हतं. सांगली हळदीची पेठ, राजापुरी हळदीचे सौदे इथं व्हायचे, आणि हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळदीची पोती वर्षानुवर्षं सुखरूप राहायची. घरी निवडक हळकुंडं यायची. त्यांचे बारीक तुकडे करायचे, त्यावर लिंबाचा रस आणि टाकणखार. हाताशी बसलेल्या आम्हाला दरवर्षी तेच नवल वाटायचं, की पिवळं पिवळं असलेलं बघता बघता तांबडं कसं होतं. हळदीतला पिवळा रंग आणि टाकणखारातलं बोरॉन आंबट रसात एकमेकांना भेटले की तांबडा रंग जन्मतो, हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना कळलं. आत्याआजीला ते कळायची गरज नव्हती, तिला रसाचं माप कळत होतं. तुकडे सावलीतच वाळवायचे. उन्हात रंग उडतो. मग कांडायचं, मलमलीतून गाळायचं, उरलेलं पुन्हा कांडायचं, पुन्हा गाळायचं. शेवटचं कुंकू चिमटीत धरलं तर काही धरलंय असं वाटायचं नाही, इतकं मऊ.

आणि ते तपासायची जागा म्हणजे तिच्या डाव्या हाताची पालथी बाजू. आधी मेणाचं बोट, त्यावर कुंकवाचं. पहिल्या गाळणीचा एक ठिपका, दुसऱ्या गाळणीचा त्याशेजारी, तिसऱ्या गाळणीचा त्याच्याही पुढे. मग हात लांब धरून ती पाहायची, चौकात नेऊन पाहायची, माजघराच्या अंधारात आणून पाहायची. कुंकवाच्या दिवसांत तिच्या पालथ्या हातावर असे पाच-सहा ठिपके ओळीनं असायचे. बाहेरचं कुणी येतंय अशी चाहूल लागली की ती फक्त आमच्याकडे बघायची. आमच्यातली जी जवळ असेल तिनं ओलं फडकं आणून द्यायचं, हे ठरलेलं. ती हात पुसायची. आलेली बाई पाटावर टेकेपर्यंत हात कोरा झालेला असायचा.

मी सहा-सात वर्षांची असताना तिला विचारलं होतं, “तू कपाळाला का नाही लावत?” आई आतून माझ्या नावानं ओरडली. आत्याआजी रागावली नाही. म्हणाली, “कपाळावरचं आपल्याला कुठं दिसतं? हातावरचं दिसतं.” मला ते पूर्ण पटलं. तिला आरशात पाहताना आम्ही कधी बघितलं नव्हतं. पेटी ती उघडायची, पण नेहमी बाजूला बसून.

बोटं हीच आमची सगळी साधनं. त्यांची वाटणी पक्की होती. मेण मधल्या बोटानं, कुंकू करंगळीशेजारच्या बोटानं, काजळ करंगळीनं, आणि अंगठा पुसायला. करंगळीच का, तर तिच्यात जोर कमी, डोळ्याला इजा होत नाही. सळई होती, पण ती म्हाताऱ्यांची. काकूचा हात कापरा, तिचं कुंकू कधी गोल यायचं नाही. तिच्यासाठी तो भोकाचा पैसा. १९४३ पासून पुढची चार वर्षं निघाले ते तांबूस पैसे, मध्ये मोठं भोक असलेले. कपाळाला मेण लावायचं, पैसा टेकवायचा, भोकातून कुंकू दाबायचं आणि पैसा अलगद उचलायचा. काकूचं कुंकू वाड्यात सगळ्यांत रेखीव. नवी नाणी आली, पैसा बाजारातून गेला, फणेरपेटीतून गेला नाही.

काजळ धरायचं ते रात्री, निजानीज झाल्यावर, वारा पडल्यावर. एरंडेलाचा दिवा, दोन बाजूंना दोन वाट्या, त्यांवर पालथं घातलेलं तांब्याचं ताम्हण. ज्योतीचं टोक ताम्हणाला नुसतं लागलं पाहिजे, भिडता कामा नये. सकाळी ताम्हणाच्या पोटावर मखमलीसारखी काजळी असायची. ती विड्याच्या पानानं खरवडायची, गाईच्या तुपात घोटायची, जरासा कापूर. आता डॉक्टर तान्ह्या बाळांच्या डोळ्यांत काजळ घालू नका म्हणतात, आणि माझ्या नातवंडांना आम्ही घातलं नाही. तीट मात्र लावली, कानामागे.

एवढ्या काटकसरीच्या घरात ब्रश म्हणून एकच होता, वडिलांचा दाढीचा. एका दिवाळीला आमच्यातल्या दोघींनी तो पळवला आणि त्यानं तोंडाला पावडर लावून घेतली. पफ होता, पण तो पावडर थापायचा. ब्रशनं ती धुक्यासारखी बसली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी दाढीला फेस केला तर घरभर गुलाबाचा वास. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी नवा ब्रश आणला आणि जुना धुऊन, वाळवून, फणेरपेटीपाशी ठेवून दिला. तो पुढं बरीच वर्षं फणी झाडायला आणि सणासुदीला आमच्या गालांवर फिरायला राहिला.

खरे ब्रश आम्ही पाहिले ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रंगवाल्या काकांकडे. त्यांचं काम नाटकात माणसं रंगवायचं. सांगलीत हे काम मानाचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच उभं केलं, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचाच. गावात नाटकाचं वेड असं की स्नेहसंमेलनातलं दहा मिनिटांचा नाट्यप्रवेशही काकांच्या हाताशिवाय होत नसे. त्यांची पत्र्याची पेटी उघडली की स्पिरिट गमचा वास सुटायचा. आत सफेता, पिवडी, हिंगूळ, काजळ, क्रेपच्या दाढीमिशा. त्यांच्या गुरूंच्या काळी मुर्दाडशिंग घोटून तोंडाला लावत. ते शिशाचं. चेहरा संगमरवरी दिसायचा आणि कातडी कायमची बिघडायची, असं काका सांगायचे, आणि ते वापरू नका म्हणून प्रत्येक नव्या पोराला बजावायचे.

ब्रश त्यांच्याकडे एका बांबूच्या चटईत गुंडाळलेले असायचे. ब्रश कसा निवडायचा हे त्यांनी आम्हाला दाखवलं होतं. पाण्यात बुडवायचा, मनगटाला एक झटका द्यायचा. सगळे केस एका टोकाला आले तर ब्रश चांगला, फाकले तर भिंत रंगवायला द्यावा. मग केस चिमटीत धरून हलकेच ओढायचे, एकही हातात येता कामा नये. पितळी नळी दांड्यावर डुगडुगते का पाहायचं. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश मऊ, तो पावडरीला आणि कडा विरवायला. डुकराच्या केसांचा राठ, तो दाढीमिशांना. त्यांच्याकडे मुंगसाच्या केसांचेही दोन होते, बारीक रेघेला. मुंगसाच्या केसांच्या ब्रशांवर आता कायद्यानं बंदी आहे, एकेका ब्रशापायी मुकी जनावरं मारली जात होती. ती बंदी योग्यच आहे. “टेकवायचा, दाबायचा नाही,” हे त्यांचं पालुपद. “हात हलका, डोळा लांब.” रंगवून झालं की ते आम्हाला रंगमंचावर उभं करून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायचे आणि तिथून चेहरा पाहायचे. ज्या उजेडात दिसायचं त्या उजेडात तपासायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. की त्याआधीच शिकले होते, चौकात आणि माजघरात हात धरून पाहणाऱ्या आत्याआजीकडून?

ब्रश धुवायची त्यांची रीत म्हणजे कोमट पाणी, अंगाचा साबण, आणि वाळवायचा तो केस खाली करून टांगून. उभा ठेवला तर पाणी नळीत उतरतं, आतली चिकटवण सुटते, आणि केस गळायला लागतात.

काका काजळ मात्र आत्याआजीकडचं न्यायचे. विकतचं रंगमंचाच्या दिव्याखाली तपकिरी दिसतं, तिचं काळंच राहतं, असं त्यांचं म्हणणं. पैसे ती घेत नसे. एका दिवाळीत त्यांनी तिला एक ब्रश आणून दिला. खारीच्या केसांचा, अगदी बारीक, त्यांच्या हातात वापरून मुरलेला.

तो ब्रश तिनं पहिल्यांदा वापरला तो आमच्या अक्काच्या लग्नात. मांडवात आत्याआजी येणार नव्हती. ती कुणाच्याच लग्नात मांडवात येत नसे. म्हणून अक्काच पहाटे, मुहूर्ताचे विधी सुरू व्हायच्या आधी, मागच्या खोलीत तिच्यापुढे जाऊन बसली. आम्ही दोघी-तिघी कंदील धरून. आत्याआजीनं डिंकाच्या पाण्यात कुंकू कालवलं. ब्रश त्यात बुडवून आधी आपल्या पालथ्या हातावर एक चंद्रकोर काढली, लहानशी, नखाएवढी. कंदिलाजवळ धरून पाहिली. रंग फिका वाटला म्हणून चिमूटभर कुंकू आणखी घातलं, पुन्हा काढली. मग अक्काच्या कपाळावर. एकदा ब्रश टेकवला तो कोर पूर्ण होईपर्यंत उचलला नाही. भुवयांवरचे ठिपके मात्र तिनं ब्रशानं नाही काढले, आकड्याच्या टोकानं काढले. सात इकडे, सात तिकडे. “जा,” ती म्हणाली, “उशीर होईल.” अक्का वाकून नमस्कार करायला गेली तर तिनं तिला धरलं, कोर पुसेल म्हणून.

दार लोटलं गेल्यावर ती हात पुसायला विसरली होती. मी फडकं आणलं. तिनं ते घेतलं आणि तसंच मांडीवर ठेवलं. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हाही ते मांडीवरच होतं.

त्यानंतर दिवस भराभर पालटले. बाटलीतलं ओलं गंध आलं, झाकणालाच काडी, आणि त्याबरोबर चांदण्या-बदामांचे ठसे. मेणाची डबी मागे पडली. अफगाण स्नो होतंच, मुंबईत बनणारं, माझ्या आईच्या पिढीचं. १९५२ साली टाटांनी सुरू केलेलं लॅक्मे आमच्या गल्लीत पोचेपर्यंत आम्ही कॉलेजात गेलो होतो. फ्रेंच ऑपेराचं ते नाव मूळ आपल्या लक्ष्मीचंच आहे, हे कळल्यावर काकूनं ते घरात आणायला परवानगी दिली. मग मखमलीची टिकली आली आणि तिनं सगळंच जिंकलं. फणेरपेटीच्या आरशाच्या कडेला टिकल्यांच्या रांगा लागल्या, कोणती कुणाची ते जागेवरून ओळखायचं. वरच्या कोपऱ्यात आई, डावीकडे काकू, खाली आम्ही. काही वर्षांनी काकूच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटला. टिकलीच्या चिकटवणीतल्या एका रसायनानं कातडीचा रंग जातो, असं डॉक्टर म्हणाले. टिकली बंद झाली, करंडा पुन्हा बाहेर निघाला, आणि काकू पुन्हा भोकाचा पैसा शोधू लागली.

शाळेच्या सहलीत आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. सतरा नंबरच्या लेण्यात आरशात पाहणारी राजकन्या आहे, भोवती दासी, प्रसाधनाचं तबक. बाई भित्तिचित्रांचा काळ सांगत होत्या, आणि आम्ही गावभागातल्या पोरी त्या तबकात नेमकं काय काय आहे ते पाहायला माना लांब करून पुढे सरकत होतो. आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात पहिल्यांदा गेले तेव्हा वज्र्यांच्या कपाटापुढून मला हलवावं लागलं. इतक्या वज्र्या, पितळेच्या, पक्ष्यांच्या, घाटदार, आणि सगळ्या गप्प. मला राहून राहून वाटत होतं, कुणीतरी एक उचलून वाजवावी.

आत्याआजी १९७८ च्या पावसाळ्यात गेली. फणेरपेटी काकूकडे, मग अक्काकडे आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा अक्काचं खालचं सगळं पाण्यात गेलं. पेटी नऊ दिवसांनी चिखलातून निघाली. लाकूड फुगलेलं, खण सुटलेले, आरशाचा पारा निघून गेलेला. दाढीचा ब्रश गेला, काजळाची डबी गेली. करंडा फुगून उघडेनासा झाला. सुताराला दाखवून पेटी अक्कानं सांधून घेतली, आरसा बदलायचं तिला सुचवलं तर ती नको म्हणाली. त्या काचेत आता पाहिलं तर पलीकडची लाकडाची शीरच दिसते. कप्प्याच्या तळाशी, चिखलात रुतून, भोकाचा पैसा मात्र होता.

मागच्या हिवाळ्यात अक्काच्या नातीचं लग्न सांगलीत झालं. नवरीला सजवायला आमच्याच घरची एक पोर आली, माझ्या भाचीची मुलगी. पुण्यात हेच काम करते. पहाटे पाचला कार्यालयातल्या खोलीत तिनं कापडाची एक गुंडाळी उलगडली आणि आत एकवीस ब्रश ओळीनं. मी मोजले. पावडरीचा गुबगुबीत, गालांचा तिरपा, पापण्यांचा चपटा, रेघेचा सुईसारखा, भुवयांचा एका टोकाला ब्रश आणि दुसऱ्या टोकाला इवलीशी फणी. मी एकेक हातात घेऊन मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहत होते. ती हसली नाही, समजावून सांगत होती. हा बकरीच्या केसांचा, कोरड्या पावडरीला, तो पावडर धरून ठेवतो. हा नायलॉनचा, पातळ रंगाला, तो रंग पीत नाही. निवडताना केस उलटे दाबून सोडते, लगेच सरळ झाले तर घेते. धुऊन आडवे नाहीतर केस खाली करून वाळवते, नळीत पाणी जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, आमचे एक काका हेच सांगायचे. एका नवरीला लावलेला ब्रश दुसरीला लावायचा असला तर आधी स्पिरिटनं पुसते, आणि लिपस्टिक थेट ओठांना कधी नाही, खरवडून घेऊन मगच. आमच्या एकाच फणीची गोष्ट मी तिला सांगितली. उवांसकट.

मग ती कामाला लागली. नवरी खुर्चीत डोळे मिटून. अक्का शेजारी, काठी मांडीवर आडवी. खिडकीतून उजेड नुकता यायला लागला होता. पोरीनं बाटलीतला रंग घेतला आणि तो नवरीच्या गालाला लावला नाही. डावा हात पालथा धरला, त्यावर एक ठिपका ठेवला. दुसऱ्या बाटलीतला दुसरा, त्याशेजारी. दोन्ही मिसळून तिसरा. हात खिडकीकडे नेऊन पाहिला, मग दिव्याखाली आणून पाहिला, मान जराशी तिरपी करून. चौथा ठिपका काढला तो लाल, कुंकवाच्या कोरीसाठी. त्यातून बारीक ब्रशानं एक कोर आधी हातावरच ओढली, नखाएवढी.

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, मीही नाही.

तेवढ्यात दार वाजलं. वराकडची मंडळी ओटी घेऊन आली होती. मी उठले आणि ओलं फडकं आणायला गेले.